खोट्या पट्टीचा धीर

काळ्या पडद्यावर नुसत्या अक्षरांत चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये काम किती झाले हे दाखवणारी एक सरकती पट्टी असते. ती खोटी असेल तर नसलेलीच बरी, असे माझे स्पष्ट मत आहे. आमची बहीण निपाणीला दिली आहे. तिचा मुलगा बेळगावात अभियांत्रिकी शिकतो, त्याच्याशी माझा यावरूनच वाद झाला. त्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधली पट्टी ठरावीक सेकंदांनी आपोआप भरत होती. आत फायली किती वाचून झाल्या याच्याशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. ९९ टक्क्यांवर आली की ती तिथेच खिळायची. "मामा, माणसाला धीर येतो," हे त्याचे समर्थन!

टंकलेखनाची परीक्षा दिलेल्या कारकुनाला या पट्टीची करामत चटकन कळते. टाइपरायटरची गाडी ओळीच्या सुरुवातीला परत न्यायची, पण कागद वर सरकवायचा नाही. संगणकाला पाठवायच्या त्या चिन्हाचे नावही 'कॅरिज रिटर्न'च. कर्सर त्याच ओळीच्या आरंभी येतो आणि जुन्या पट्टीच्या जागी थोडी लांब पट्टी उमटते. पट्टी हलते ती एवढ्यावरच.

धीर येतो हे खरे. ब्रॅड मायर्स यांनी १९८५ साली टक्केवारी दाखवणाऱ्या पट्ट्यांवर निबंध लिहिला, त्यांच्या प्रयोगातल्या लोकांनाही पट्टी हवीशीच वाटली होती. पण तो धीर मोजणीतून आला पाहिजे. मोजणीवाचूनच्या धीराचा अनुभव सीमाभागाएवढा कुणाला असेल? १ नोव्हेंबर १९५६ ला निपाणी म्हैसूर राज्यात गेली. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. १९६७ मध्ये त्याने निपाणी महाराष्ट्राला द्यावी, बेळगाव मात्र तिकडेच ठेवावे असे सुचवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्री बसले, प्रत्येकी ३ मंत्र्यांची समिती ठरली. दर वेळी 'आता होणार', आणि दर वेळी गाडी त्याच ओळीच्या आरंभी!

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. आधी एकूण मोजा, मग टक्के सांगा. एकूण ठाऊक नसेल तर '३१२ फायली झाल्या' एवढेच लिहा. फिरती काडी दाखवायचीच तर प्रत्यक्ष काम पुढे गेल्यावरच ती फिरू दे. प्रोग्रॅमचे उत्तर पडद्याऐवजी फाइलीत जात असेल तर पट्टी काढूच नका, नाहीतर त्या फाइलीत नुसता पट्ट्यांचा कचरा साठतो. आणि क्षणोक्षणी ती रंगवत बसू नका. जानेवारी २०१६ मध्ये 'एनपीएम' या प्रसिद्ध साधनातली पट्टी बंद केली की पॅकेजेस जवळपास निम्म्या वेळात बसतात, असे लोकांच्या लक्षात आले होते. प्रगती दाखवण्यापायी प्रगतीच रखडली! प्रगती अहवाल भरण्यात ज्यांचा महिनाअखेर जातो, त्यांना यात नवल वाटणार नाही.

भाचा म्हणतो, आधी सगळ्या फायली मोजायच्या तर वेळ लागतो. लागू दे की! 'किती वेळ लागेल ते अजून ठाऊक नाही' असे वाचून माणूस चहा पिऊन येईल. ९९ वर अडकलेल्या पट्टीपुढे मात्र तो उठूही शकत नाही.