लांबलचक मजकुरात फिरताना

बेळगावच्या सीमाभागात लिहिणाऱ्यांची वाण नाही. वेंगुर्ला रस्त्यावरचं आमचं उचगाव घ्या, कडोली, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी घ्या, नाहीतर निपाणीकडचं कारदगा घ्या. गावोगावी मराठी साहित्य संमेलनं भरतात आणि गावकरीच ती अंगावर घेतात. मांडव उतरला तरी लिहिण्याची ओढ मागे राहते. कुणी निवृत्त गुरुजी आठवणी लिहायला बसतात, कुणी गावचा इतिहास गोळा करतं, कुणी सीमालढ्यातले दिवस मांडतं, तर राणी चन्नम्मा विद्यापीठात एखादी पोर प्रबंध लिहीत असते. पूर्वी हे हस्तलिखित बेळगावच्या डीटीपीवाल्याकडे जायचं आणि प्रुफं तपासायला चार हेलपाटे पडायचे. आता घरातच लॅपटॉप आहे. सत्तरीतली माणसं युनिकोडमध्ये स्वतः टाइप करतात, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पण टाइप करायला सगळे शिकले, मजकुरात फिरायला कुणी शिकवलंच नाही. दहा पानांचं भाषण असेपर्यंत काही अडत नाही. फाइल शंभर पानांची झाली, की "वरचं खाली कुठं गेलं कळेना झालंय बघा" अशी तक्रार सुरू होते. काहीजण तिथेच लिहिणं सोडतात. त्यांनी ते सोडू नये, म्हणून हे आवाहन.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. पडद्यावर तुम्हाला दिसतंय ते पान आणि कर्सर उभा आहे ते पान, ही दोन वेगळी असू शकतात. माउसचं चाक फिरवलं की फक्त नजर पुढे जाते, कर्सर जिथे होता तिथेच राहतो. उजवीकडची पट्टी ओढली तरी तेच. पेज डाउनची कळ दाबली तर मात्र कर्सरही सोबत येतो. निम्मे घोटाळे एवढा फरक माहीत नसल्यामुळे होतात.

घोटाळा कसा होतो ते पाहा. गुरुजींनी तिसऱ्या पानावर एक परिच्छेद वाचायला म्हणून निवडला, तो निळसर झाला. मग त्यांना आठवलं, की ऐंशीव्या पानावर एक नाव घालायचं राहिलंय. चाक फिरवत तिथवर गेले, जागा सापडली. हातातल्या वहीकडे बघत, तिथे क्लिक न करताच टाइप करायला लागले. पहिलं अक्षर उमटताच फाइल टुणकन तिसऱ्या पानावर परत गेली, निवडलेला परिच्छेद पुसला गेला आणि त्याच्या जागी ते नाव बसलं. मान वर केली तेव्हा पानच निराळं. परिच्छेद गेलाय हे त्यांना कळलंच नाही. त्यांनी फाइल सेव्ह करून बंद केली. लिहिणाऱ्याचा असा एक परिच्छेद जाणं म्हणजे काय, हे ज्याने स्वतः लिहिलंय त्यालाच कळेल. म्हणून फाइल अचानक भलत्याच पानावर गेली, तर पुढे एक अक्षरही टाइप करू नका. लगेच कंट्रोल आणि झेड दाबा. पुसलेलं परत येतं. फाइल बंद करून पुन्हा उघडलीत, तर मात्र ही वाट बंद होते.

लॅपटॉपवर आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे टचपॅड. टाइप करताना अंगठ्याचं बूड त्यावर टेकतं आणि कर्सर चार ओळी वर उडी मारतो. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन टचपॅड बंद ठेवावा आणि साधा वायरचा कीबोर्ड व माउस जोडावा. मनगटालाही आराम पडेल.

आता कळांकडे या. कंट्रोल धरून होम दाबलं की फाइलच्या आरंभी, कंट्रोल धरून एंड दाबलं की शेवटी. कंट्रोल आणि आडवे बाण एकेका शब्दाने नेतात, कंट्रोल आणि उभे बाण एकेका परिच्छेदाने. नुसतं होम आणि एंड म्हणजे ओळीची दोन टोकं. बऱ्याच लॅपटॉपवर होम-एंड वेगळ्या नसतात, तिथे एफएन धरून बाण दाबावे लागतात. यांतल्या कुठल्याही कळेसोबत शिफ्ट धरली, की जिथून जिथवर गेलात तेवढा मजकूर निवडला जातो. पाठ करायला एवढंच आहे. यापेक्षा जास्त कळा एका दमात शिकायच्या भानगडीत पडू नका, एकही लक्षात राहत नाही.

कंट्रोल धरून फिरण्याची ही रीत काही कालची नाही. वर्डस्टार नावाचा प्रोग्राम 1978 साली आला, तेव्हा सगळ्या कीबोर्डांवर बाण नसायचे आणि लिहिणाऱ्याच्या टेबलावर माउस नव्हता. कंट्रोल धरून ई, एस, डी, एक्स या चार अक्षरांनी कर्सर वर, डावीकडे, उजवीकडे, खाली न्यायचा. ही अक्षरं डाव्या हाताच्या बोटांखालीच येतात, त्यामुळे हात उचलावा लागत नसे. जाडजूड कादंबऱ्या लिहिणारे जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी पुढे कितीतरी वर्षं त्यावरच लिहिलं. चाकाचा माउस घरोघर पोचला तो 1996 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपला चाकवाला माउस काढल्यानंतर. चाक वाचायला उत्तम आहे, पण लिहिताना हात कळांवरच असावा, असं माझं ठाम मत आहे.

तरी चाकाचा एक फार चांगला उपयोग सांगतो. पाच-सात पानं एकदम निवडायची असली, तर माउस दाबून ओढत बसू नका, तो हमखास निसटतो. सुरुवातीला एकदा क्लिक करा, चाक फिरवत शेवटापर्यंत जा, शिफ्ट धरून तिथे क्लिक करा. कर्सर मागेच थांबतो, तेच इथे कामी येतं.

पण लांब फाइलचा खरा उपाय म्हणजे मथळे. प्रकरणाचं नाव आपण काय करतो, ठळक करतो, अक्षर मोठं करतो, मध्ये आणतो. माणसाला तो मथळा दिसतो, संगणकाला नाही. त्याला ते इतर ओळींसारखंच वाटतं. प्रकरणाच्या नावावर कर्सर ठेवून वर्डमध्ये होम टॅबवरच्या शैलींमधली हेडिंग वन निवडा, किंवा कंट्रोल, ऑल्ट आणि 1 एकदम दाबा. लिबरऑफिसमध्ये कंट्रोल आणि 1 पुरतं. मग वर्डमध्ये व्ह्यू टॅबवर नेव्हिगेशन पेनवर खूण करा. लिबरऑफिसमध्ये एफ5 दाबा. प्रकरणांची नावं गल्लीच्या पाट्यांसारखी समोर येतात. ज्या नावावर जायचं त्यावर बोट ठेवायचं, वर्डमध्ये एकदा क्लिक, लिबरऑफिसमध्ये दोनदा, की थेट त्या प्रकरणात. इथे कर्सरही तिथेच पोचतो, हे विशेष. वर्डमध्ये तर त्या यादीतलं नाव ओढून वर नेलं की अख्खं प्रकरण मजकुरासकट वर जातं. सीमालढ्याचं प्रकरण शाळेच्या आठवणींच्या आधी हवं असं वाटलं, तर वीस पानं कापून चिकटवण्याची जोखीम घ्यायची गरज नाही. अनुक्रमणिकाही याच मथळ्यांवरून आपोआप तयार होते.

जुन्या फाइली श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये असतील, तर हेडिंग दिल्यावर अक्षरांची इंग्रजी चिन्हं झालेली दिसतील. घाबरू नका, मजकूर शाबूत आहे, फक्त फॉन्ट बदललाय. हेडिंग वन या शैलीचाच फॉन्ट एकदा तुमच्या जुन्या फॉन्टवर आणा. पण अशा फाइलीत युनिकोडमध्ये टाइप करून शब्द शोधलात तर तो सापडणार नाही, कारण अक्षरांच्या आतली चिन्हं वेगळी असतात. मोठं काम हाती घेत असाल तर ते युनिकोडमध्येच करा.

शोधण्यावरून आठवलं. कंट्रोल आणि एफ हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचा चांगला वापर कमी जण करतात. काम थांबवून उठताना जिथे आहात तिथे @@@ अशी खूण टाइप करून ठेवा. दुसऱ्या दिवशी कंट्रोल-एफ, @@@, की त्याच जागी. ही युक्ती वर्ड, लिबरऑफिस, गूगल डॉक्स, मोबाइल, सगळीकडे चालते. तारीख खात्री करायची असेल, एखाद्या नावाची शहानिशा बाकी असेल, तिथेही अशीच खूण घाला. छापायला देण्याआधी मात्र एकदा सगळ्या खुणा शोधून काढा. वर्डमध्ये शिफ्ट आणि एफ5 दाबलं तरी शेवटचा बदल केलेल्या जागी जाता येतं.

मराठीची एक खुबीही जाणून घ्या. 'स्त्री' हे दिसायला एक अक्षर आहे, पण आत सहा चिन्हं आहेत. त्याच्या नंतर, म्हणजे उजव्या बाजूला उभं राहून बॅकस्पेस दाबलं, तर बहुतेक ठिकाणी आधी फक्त दीर्घ वेलांटी जाते. त्याच्या आधी, म्हणजे डाव्या बाजूला उभं राहून डिलीट दाबलं, तर अख्खं अक्षर जातं. वेलांटी सुधारायची तर बॅकस्पेस, शब्दच नको असेल तर कंट्रोल धरून बॅकस्पेस.

आमच्या भागात पतसंस्थांचे अहवाल बरेचदा मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत एकाच फाइलीत असतात. कन्नड परिच्छेदात कर्सर गेला की कीबोर्डही कधी आपोआप बदलतो आणि परत मराठीत आल्यावर भलतीच अक्षरं उमटतात. विंडोज कळ धरून स्पेस दाबली की भाषा बदलते. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात कुठली भाषा चालू आहे ते टाइप करण्याआधी बघा. आकडे आणि नावं असलेल्या कागदात ही सवय हवीच.

मोबाइलवर लिहिणाऱ्यांना फार सोसावं लागतं, कारण बोटाने कर्सर नेमका बसत नाही. गूगलच्या कीबोर्डवर स्पेसच्या पट्टीवर बोट ठेवून डावीकडे-उजवीकडे सरकवा, कर्सर अक्षराअक्षराने सरकतो.

संमेलन भरवणाऱ्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. कविसंमेलन, परिसंवाद आहेतच, त्यांच्या आदल्या दिवशी शाळेच्या संगणकखोलीत दोन तास लिहिणाऱ्यांसाठी ठेवा. कॉलेजची पोरं शेजारी बसवा. त्यांनी माउस स्वतःच्या हातात घ्यायचा नाही, काकांना-मावशींना स्वतः कळा दाबू द्यायच्या. आणि शिकायला येणाऱ्यांनी नमुन्याची फाइल नको, आपली स्वतःची अर्धवट राहिलेली फाइल पेनड्राइव्हवर आणावी, तिची एक प्रत घरी ठेवून.