चाक बदलेल, जू कोणाच्या मानेवर राहील?

१९७४ साली प्रवरेच्या काठी, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे, जमीन खणताना एका भिल्ल कष्टकऱ्याच्या हाती धातूच्या चार ओतीव वस्तू लागल्या. त्यांत हत्ती होता, गेंडा होता, रेडा होता आणि एक रथ होता. रथाला दोन चाके, पुढे जुंपलेली बैलांची जोडी आणि मागे ताठ उभा असलेला माणूस. या भूमीवर चाक किती जुने आहे याचा तो एक बोलका पुरावा आहे. पण त्यात दुसरीही एक गोष्ट नोंदलेली आहे. त्या प्राचीन कारागिराच्या कल्पनेत जू बैलांच्या मानेवर आहे. माणूस जुवाच्या मागे आहे.

विसाव्या शतकाने ही रचना मोडली नाही, एवढेच नव्हे तर एकविसाव्या शतकाची पंचवीस वर्षे उलटली तरी महाराष्ट्रात एका ठिकाणी ती उलटीच होती. रायगड जिल्ह्यातील माथेरानच्या तांबड्या रस्त्यांवर बैलाच्या जागी माणूस होता. दस्तुरी नाक्यावर मोटार थांबते. तेथून बाजारपेठेपर्यंतचा चढउताराचा रस्ता प्रवाशाने पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षेत बसून कापावयाचा. हातरिक्षा म्हणजे पुढे दांड्या धरून ओढणारा एक आणि मागून रेटणारे एक-दोघे. आत बसलेला निसर्गशोभा पाहतो. ओढणाऱ्याला दिसते ती फक्त पायांखालची वाट.

या वाहनाच्या नावाचाच इतिहास उद्बोधक आहे. रिक्षा जन्मली जपानमध्ये, १८७० च्या सुमारास. तिचे मूळ नाव ‘जिनरिकिशा’. ‘जिन’ म्हणजे माणूस, ‘रिकि’ म्हणजे बळ आणि ‘शा’ म्हणजे गाडी. देशोदेशी फिरताना हा लांबलचक शब्द झिजला आणि ‘रिक्षा’ उरली. बळ राहिले, गाडी राहिली. नावातला माणूस तेवढा गळून पडला. भाषेने नकळत जे केले तेच समाजाने जाणूनबुजून केले.

चाक श्रम हलके करते, ही समजूत अर्धीच खरी आहे. सपाट रस्त्यावर चाक घर्षण कमी करते आणि जड ओझे थोड्या बळाने सरकते. चढावर मात्र गुरुत्वाकर्षण चाकाला जुमानत नाही. उदाहरणादाखल गाडी आणि प्रवासी मिळून अडीचशे किलो वजन धरले आणि दहा फुटांमागे एक फुटाचा चढ धरला, तर केवळ त्या चढापोटी सुमारे पंचवीस किलोची ओढ सतत सोसावी लागते. उतारावर गोष्ट आणखी बिकट होते. तेथे चाक स्वतःच धावू लागते आणि त्याला आवरण्यासाठी ओढणाऱ्याचे गुडघे, टाचा आणि पाठ हाच ब्रेक ठरतो. चढताना तो बैल असतो, उतरताना लगाम. यंत्र असे वापरले की त्याचा लाभ बसणाऱ्याला मिळतो आणि त्याचे दोष ओढणाऱ्याच्या शरीरात साठत जातात.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवली आणि सहा महिन्यांत ती बंद करावी, असा आदेश दिला. माथेरानातील परवानाधारक हातरिक्षांची संख्या होती ९४. एवढ्या अल्प लोकांच्या मुक्तीसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत जावे लागले, ही गोष्ट राज्यकर्त्यांना भूषणावह नाही. न्यायालयाने बंदीबरोबर पुनर्वसनही सांगितले, हे महत्त्वाचे. गुजरातेतील केवडिया येथे स्त्रियांना ई-रिक्षा भाड्याने देण्याची जी योजना आहे, तिच्या धर्तीवर राज्याने ई-रिक्षा विकत घेऊन खऱ्या हातरिक्षा ओढणाऱ्यांना त्या भाड्याने द्याव्यात, आणि निधी नाही ही सबब सांगू नये, असे न्यायालयाने बजावले. या आदेशाचे स्वागत करताना हात आखडता घेण्याचे कारण नाही.

तरीही एक प्रश्न उरतोच, आणि तो पंचेचाळीस वर्षे जुना आहे. पंजाब सरकारने १९७५ साली सायकलरिक्षांविषयी कायदा केला. जो स्वतः रिक्षा चालवतो त्याच मालकाला परवाना मिळेल, असे त्याचे तत्त्व होते. हेतू चांगला होता; दहा-वीस रिक्षा बाळगून त्या भाड्याने देणाऱ्या दलालांची मिरासदारी मोडावयाची होती. परंतु ज्याच्याजवळ रिक्षा घेण्याइतका पैसाच नाही, त्याचे काय? भाड्याची रिक्षा गेली आणि स्वतःची मिळाली नाही, तर कायद्याच्या कल्याणकारी तत्त्वाखाली चिरडला जाणार होता तो रिक्षावालाच. अमृतसरच्या आझाद रिक्षा पुलर्स युनियनने हे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयात नेले. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कायदा रद्द करण्याचा सोपा मार्ग न स्वीकारता बँकेच्या कर्जातून रिक्षावाल्यालाच रिक्षेचा मालक करण्याची योजना निकालातच घालून दिली. २०२५ च्या निकालातही या जुन्या निकालाचे स्मरण करण्यात आले आहे.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की फरक ध्यानात येतो. १९८० मध्ये उत्तर होते मालकीचे. २०२५ मध्ये उत्तर आहे भाड्याचे. भाड्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, हे मान्य केले पाहिजे. कर्ज हे गरिबाच्या गळ्यातील दुसरे जू होऊ शकते. ई-रिक्षेची बॅटरी काही वर्षांत निकामी होते आणि ती बदलण्याचा खर्च मोठा असतो. मालकी कागदावर आणि हप्ता छातीवर, असे स्वातंत्र्य कोणाला नको असते. परंतु सरकार मालक आणि चालक भाडेकरू, ही व्यवस्था कायमची झाली तर सरकारी खात्याच्या आणि चालकाच्या मध्ये ठेकेदार शिरण्यास वेळ लागत नाही. मग दांड्या ओढण्याचे कष्ट संपतील, पण सायंकाळी मोजून द्यावयाच्या रकमेची टांगती तलवार राहील. माणूस जुवातून सुटेल आणि वहीत अडकेल.

यावर उपाय नाही असे नाही. भरलेले भाडे गाडीच्या किमतीत वळते करावे आणि ठरावीक मुदतीनंतर गाडी चालकाच्या नावे व्हावी. बॅटरी बदलण्याचा भार तोपर्यंत शासनाने उचलावा. चार्जिंगची जागा आणि दुरुस्तीचे काम चालकांच्या सहकारी संस्थेकडे असावे. सहकाराच्या नावाने कारखाने आणि बँका उभ्या करणाऱ्या महाराष्ट्राला ९४ गाड्यांची सहकारी संस्था जड जाऊ नये.

निसर्गाचा आक्षेपही टाळून चालणार नाही. माथेरान मोटारींपासून मुक्त राहिले म्हणूनच माथेरान राहिले, आणि २००३ पासून ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. आज बॅटरीची रिक्षा आली तर उद्या तिच्या मागोमाग मोटार येईल, ही शंका तेथील घोडेवाल्यांच्या मनात आहे. त्यांच्याही चुली त्या रस्त्यावरच पेटतात. ही शंका खोटी म्हणून झटकणे अन्यायाचे होईल. पण जंगल राखण्याची किंमत ओढणाऱ्याच्या फुप्फुसांतून वसूल करणे हाही अन्यायच आहे. गाड्यांच्या संख्येवर कडक मर्यादा आणि परवाने फक्त ओढणाऱ्यांना, या दोन अटी काटेकोर पाळल्या तर जंगल आणि माणूस यांत वैर उरत नाही.

केवळ बंदीने काय होते, याचा धडा कलकत्त्याने दिला आहे. तेथील हातरिक्षा बंद करणारे विधेयक २००६ साली पश्चिम बंगालच्या विधानसभेने संमत केले. सरकार डाव्यांचे होते आणि हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नव्हते. त्यानंतरही वर्षानुवर्षे त्या शहराच्या गल्ल्यांतून हातरिक्षेची घंटा वाजतच राहिली. कारण भुकेल्या माणसाला प्रतिष्ठेचे प्रमाणपत्र देऊन त्याची भाकरी काढून घेतली, तर तो भाकरीचीच बाजू घेतो. डाव्या विचाराच्या माणसांनी हा धडा इतरांपेक्षा अधिक नम्रतेने शिकला पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांचे काम आदेश निघाल्याने संपत नाही. खरे म्हणजे तेथेच सुरू होते. लाभार्थ्यांच्या यादीत नावे कोणाची आहेत? परवाना एकाच्या नावे आणि दांड्या दुसऱ्याच्या हाती असे असेल, तर गाडी कोणाला मिळणार? मागून रेटणाऱ्या माणसाची नोंद कोणत्या कागदावर आहे? ज्याचे वय झाले, गुडघे गेले आणि जो नवी गाडी चालवू शकत नाही, त्याच्या म्हातारपणाची तरतूद काय? हे प्रश्न मोर्च्यातील घोषणेत बसत नाहीत. ते तहसील कचेरीत, नगरपरिषदेच्या बैठकीत, यादीवर बोट ठेवून विचारावे लागतात.

दायमाबादच्या रथावरील माणूस जुवाच्या मागे उभा आहे. माथेरानच्या ओढणाऱ्याला निदान तेवढ्या जागी आणून उभे करणे हे दयेचे काम नाही, ते थकलेले देणे आहे. ते पुरते फिटेल ते ज्या दिवशी चाक त्याच्या हाताने फिरेल आणि त्याच्या नावावरही असेल त्या दिवशी.