हवा किती टाकू?

तर झालं असं की, ऐन नवतप्यात आमच्या घरच्यांना शिर्डीची आठवण झाली. नवतपा म्हणजे मे संपतानाचे ते नऊ दिवस, ज्यात नागपूरचा कूलरसुद्धा हात टेकतो. आई, बाबा, मावशी, काका, मी आणि पाच बॅगा. गाडी माझी. म्हणजे अजून तीन वर्षं बँकेची!

आदल्या संध्याकाळी प्रतापनगर चौकातल्या टायरवाल्याकडे गेलो. गाडी चालवत होते मी, पण त्याने विचारलं बाबांना. "काका, उन्हाळा आहे, अठ्ठावीसच टाकू ना?"

"हो हो. गरमीत हवा फुगते, टायर फुटतो," बाबा.

"तेहेतीस टाका," मी.

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, की मास कॉमवाल्या मुलीने टायरविषयी बोलणं गुन्हाच!

पण आकडा माझ्या मनातला नव्हता. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतं. माझ्या गाडीच्या स्टिकरवर दोघा-तिघांसाठी ३० पीएसआय आहे, फुल लोडला ३३. टायरवर ५१ छापलंय, पण ती कमाल मर्यादा. तेवढी भरायची नसते. (माझा अमेरिकेतला मावसभाऊ गाडीमागे झोपायच्या खोलीसकट अख्खा ट्रेलर ओढत फिरतो. त्या ट्रेलरच्या खास टायरमध्ये बहुतेक वेळा टायरवरचाच आकडा भरतात. त्याचं ऐकून आपल्या हॅचबॅकवर प्रयोग करू नका, प्लीज!)

आणि हा आकडा असतो थंड टायरचा. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी हवी. पहाटे पाचला गेज लावलं तर ३१! संध्याकाळच्या भट्टीत ३३ असलेली हवा रात्रीत आकसली होती. लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप लावून दोन पॉइंट वाढवले. बाबा गॅलरीतून चहा पीत बघत होते. कॉमेंट नाही.

मला समृद्धीचं टेन्शन होतं. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि पाठोपाठ टायर फुटल्याच्या बातम्याही. २०२३ च्या उन्हाळ्यात तर आरटीओवाले गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवत होते. सरळसोट काँक्रीट, कारला ताशी १२० ची परवानगी, ब्रेकला काम नाही. टायर तासन्‌तास नुसता गरगरतो.

अकराच्या सुमारास चहाला थांबलो आणि बाबांनी गेज मागून घेतलं. ३८!

"बघ! सांगत होतो. पाच पॉइंट काढ."

मागे मावशी घाबरली. आई म्हणाली, "अगं, ऐक ना त्यांचं." मला रडू यायचं बाकी होतं. कारण चूक झाली असती तर ती पाच जणांच्या जिवाची होती, आणि स्टिअरिंग माझ्या हातात.

तरी नाही काढली. चालून टायर तापला की चार-पाच पॉइंट चढतातच. कंपनीने ते गृहीत धरलेलं असतं. तापलेल्या टायरमधून काढून ३३ केले, तर पहाटे थंड झाल्यावर उरतील जेमतेम २८. आणि खरा घोळ कमी हवेचाच आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते, उठते, दबते. तार मागेपुढे वाकवली की कशी तापते? तसंच. रबर आतूनच तापत जातं आणि बाहेर ४५ डिग्री असल्याने ती उष्णता निघायलाही मार्ग नाही. टायर फुटतो तो असा. (नायट्रोजन भरू का, हाही काकांचा प्रश्न होता. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच, काका!)

बाबा पटले नाहीत, पण पुढे बसले. मी १०० च्या वर काटा जाऊ दिला नाही. शिर्डीपर्यंत दोघंही गप्प.

दुसऱ्या दिवशी पहाटे लॉजच्या पार्किंगमध्ये चारही टायर तपासले. ३३, ३३, ३२, ३३. मी विजयी चेहऱ्याने वळले, तर बाबांनी डिकीतल्या बॅगा बाहेर काढल्या होत्या आणि गेज स्टेपनीला लावलं होतं.

"अठरा," ते म्हणाले. "हिची कोण बघणार, मॅडम?"