निमंत्रक कोण?

मागच्या महिन्यात पुतणीच्या लग्नाची पत्रिका छापायला जालन्याला गेलो होतो. हे दहा मिनिटांचं काम अशी माझी समजूत. दुकानात कळलं, की दहा मिनिटांत फक्त कागद निवडून होतो. सोनेरी गणपती, मखमली पाकीट, लेझरने कापलेली पालखी... नमुन्यांचे अल्बमच्या अल्बम! कोरी पत्रिका दिल्लीच्या चावडी बाजारातून नाहीतर शिवकाशीहून येते, इथे तिच्यावर फक्त आपला मजकूर चढतो. दुकानवाले त्याला ‘मॅटर’ म्हणतात. आणि खरी मारामारी होते ती या मॅटरवर.

आमच्याकडची पत्रिका ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वर कुलदैवतं, मग चि. आणि चि. सौ. कां., मग निमंत्रक, विनीत, संयोजक, आणि सरपंचांपासून आमदारांपर्यंत ‘प्रमुख उपस्थिती’. तळाला किलबिल, म्हणजे ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी पोरं (आमच्या किलबिलातला एक इंजिनियरिंगला आहे!). शहरातले मित्र यावर हसतात. मला हसू येत नाही. ज्याचं नाव पेपरात कधी येणार नाही, त्याचं नाव आयुष्यात चार-दोनदा छापून येतं ते इथेच. नाव गळालं म्हणून वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारे चुलतभाऊ मी पाहिलेत.

तर झालं असं. पुतणीचे वडील, म्हणजे माझे दादा, २०११ साली गेले. पाठोपाठ २०१२-१३ चा दुष्काळ. जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, तेव्हा वहिनींनी टँकरचं पाणी घालून अर्धी बाग जगवली. त्याच बागेवर मुलगी बी. फार्म. झाली. स्थळ त्यांनी पाहिलं, बोलणीही त्यांनीच केली. आणि तात्यांनी, म्हणजे आमच्या थोरल्या चुलत्यांनी, लिहून दिलेल्या मॅटरमध्ये निमंत्रक म्हणून तात्या आणि मी, ‘आमची पुतणी’, दादांच्या नावामागे कै., आणि वहिनींचं नाव... कुठेच नाही.

तात्या वाईट नाहीत हो. दादा गेल्यावर पहिल्या वर्षी बी-बियाणं त्यांनीच भरलं होतं. पण ‘शुभकार्याच्या कागदावर तसलं नाव नसतं’ हे त्यांना सूर्य पूर्वेला उगवण्याइतकं स्पष्ट आहे. खरं सांगायचं तर मीही तो कागद दोनदा वाचला, शुद्धलेखन तपासलं आणि खिशात घातला. बायकोने विचारलं, “यात वहिनी कुठायत?” तेव्हा ध्यानात आलं.

आमच्याच जिल्ह्यातल्या जांबची गोष्ट घ्या. समर्थ रामदासांचे वडील सूर्याजीपंत समर्थांच्या लहानपणीच गेले. पुढे लग्नाचा आग्रह धरला तो आईने, राणूबाईंनी. ‘सावधान’ ऐकून नवरदेव बोहल्यावरून पळाला ही कथा सगळ्यांना पाठ आहे. पण समजा त्या लग्नाची पत्रिका आज छापायची ठरली, तर तात्यांच्या हिशेबाने राणूबाईंनाही जागा नाही!

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं. चांगलंच झालं. पण लग्नपत्रिका हा सरकारी कागद नव्हे, तो आपला आपण लिहितो. बांगडी फोडताना निदान आवाज तरी होतो. नाव गाळलेलं मात्र कुणाला ऐकूही येत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की जिने लग्न जमवलं तीच निमंत्रक. चुलते-मामांनी खाली विनीत व्हावं, त्यात कमीपणा कसला?

वहिनींना फोन केला तर त्याच म्हणाल्या, “कशाला भाऊजी? लोक नावं ठेवतील. पोरीचं नीट होऊ द्या.” शेवटी पुतणीनेच निकाल लावला. “आई नसेल तर पत्रिकाच नको, व्हॉट्सअ‍ॅपवर मीच पाठवते सगळ्यांना.” दुकानातल्या पोराने संगणकावरच्या तयार मजकुरातलं ‘सौ. व श्री.’ खोडून ‘श्रीमती’ टाईप केलं आणि विचारलं, “काका, एकच नाव? ओळ मोकळी दिसंल.” म्हटलं, दिसू दे.

तात्या दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी आपल्या वाटणीच्या पन्नास पत्रिका घेऊन गेले. (तात्या, तुमचा नातू हे वाचून दाखवेलच. राग नसावा.)

पहिली पत्रिका राजूरच्या गणपतीला ठेवायची होती. वहिनींनी आपल्या नावावरून एकदा बोट फिरवलं, काही बोलल्या नाहीत. कोपऱ्यांना हळदकुंकू लावायला मात्र त्यांनी माझ्या बायकोलाच हाक मारली.