हंड्याला तारीख विचारणारे

कासारसाईच्या धरणाच्या भिंतीवर मी उभा होतो. समोर पाणीच पाणी. रविवारी शहरातली पोरं इथं तंबू ठोकतात, होड्या वल्हवतात, फोटो काढतात. आणि थोड्याच अंतरावर हिंजवडीच्या काचेच्या इमारती. त्या बांधणारा, झाडणारा, रात्रभर त्यांची राखण करणारा माणूस राहतो कुठं? पत्र्याच्या खोल्यांत. टँकर आला तर पाणी, नाही तर ड्रमाच्या तळाशी टमरेल खरवडायचं.

सोसायटीवालेही टँकर घेतात, हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्याकडे पत्ता आहे, वकील आहे, पाइपलाइन मागायला तोंड आहे. पत्र्याच्या खोलीला पत्ताच नाही. म्हणून मी म्हणतो, दुष्काळ पाण्याचा नाही, हक्काचा आहे.

मुंबईचा हिशेब बघा. महापालिकेनं वर्षानुवर्षं माप ठेवलं ते असं : इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर, झोपडीतल्याला ४५. म्हणजे तीन हंडे. त्यातच प्यायचं, रांधायचं, पोरं धुवायची, कपडे धुवायचे. एकाच शहरात तहानेची दोन मापं! आणि ते ४५ सुद्धा सगळ्यांना नाही. झोपडी १ जानेवारी १९९५ च्या आधीची आहे का? पुरावा दाखव. नसेल तर नळ नाही. पुढं तारीख सरकत गेली, पण विचारणं थांबलं नाही.

महाडला जात विचारली. इथं तारीख विचारतात. आणि तारीख नसलेला माणूस बहुतेक वेळा कोण निघतो? गावात ज्याला जमीन नव्हती तोच. ज्याची वस्ती गावाबाहेर होती, तोच शहरात नाल्याच्या काठाला आला.

आता कागदाचं सांगतो. १९२३ साली बोल्यांनी मुंबई कौन्सिलात ठराव आणला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनंही ठराव केला. तळं कागदावर उघडलं, ओंजळीत नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन चालत गेले तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. मग मारही खाल्ला. कोर्टाचा शेवटचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

१५ डिसेंबर २०१४ ला मुंबई हायकोर्टानं पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितलं, झोपडी बेकायदेशीर असली तरी माणसाचं पाणी तोडता येत नाही. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. छान! पण त्याच निकालात हेही आहे की या माणसाला कायदेशीर घरवाल्याच्या बरोबरीचा हक्क नाही, त्याच्याकडून जास्त दरही घेता येईल. महापालिकेला ‘सर्वांसाठी पाणी’ म्हणायला २०२२ साल लागलं. गड्यांनो, हा आपला १९२४ चा ठराव आहे. चालत जायचं अजून बाकी आहे.

पाणी नाही तिथं संडास नाही. असला तर तुंबलेला. बाया अंधाराची वाट बघतात, दिवसभर पाणी कमी पितात. आणि ज्याच्याकडे मुबलक पाणी आहे त्याची घाण उपसायला उतरतं कोण? माणसाला मैल्यात उतरवायला बंदी करणारा कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये पुण्याजवळ वाघोलीत सेप्टिक टँकमध्ये मजूर गुदमरून मेले. आपल्याला पाणी द्यायचं नाही, आणि त्यांच्या पाण्यानं वाहून आणलेला मैला मात्र आपण काढायचा. वा रे स्वच्छता!

एक आपल्याला टोचणारं बोलतो. २० मार्चला आपण गाड्या भरून महाडला जातो, निळे झेंडे, घोषणा, विकतच्या पाण्याच्या बाटल्या. त्याच सकाळी आपली आई टँकरच्या लायनीत उभी असते. तळ्याला अभिवादन आणि नळाबद्दल मुकाट, हे चालणार नाही.

तेव्हा कामाला लागा. आपापल्या वस्तीत जा. घरटी हंडे मोजा, माणसं मोजा, संडासाची भांडी मोजा, वहीत लिहा. ती वही घेऊन वॉर्डात जा, ग्रामपंचायतीत जा. हद्द तुमची की आमची, हे त्यांनी आपसात ठरवावं. आपली मागणी एकच : माणशी सारखं पाणी, तारीख न विचारता.

तहानेला कट-ऑफ डेट नसते.