डबा मागे, माहिती पुढे

दिवाळीला तीन-चार आठवडे उरले की गिरगाव, दादर, परळच्या टपाल कचेऱ्यांत परदेशी पार्सलांची लगबग सुरू होते. चाळीतल्या स्वयंपाकघरात तळलेल्या चकल्या आणि शिवाजी पार्कच्या सोसायटीत वळलेले बेसनाचे लाडू न्यू जर्सीला, लंडनला किंवा म्युनिचला निघतात. २०२५ च्या दिवाळीत अमेरिकेकडे जाणाऱ्या डब्यांची वाट मात्र ऐन मोसमात अडली. टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची पार्सले स्वीकारणे स्थगित केले. कागदपत्रे आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू यांना आधी सवलत होती. महिनाअखेरीस तीही संपली. सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला, आणि लक्ष्मीपूजन होते २१ ऑक्टोबरला. सहा दिवसांत फराळ अटलांटिक ओलांडून पोहोचणे अवघडच होते.

या घटनेची चर्चा प्रामुख्याने अमेरिकी आयातशुल्काच्या अंगाने झाली आणि ते स्वाभाविकही होते. आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली करमाफी अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून स्थगित केली. पण सेवा बंद पडण्याचे तात्कालिक कारण शुल्काचा दर नव्हते. हे शुल्क कोणी गोळा करायचे, कोणत्या माहितीच्या आधारे आकारायचे आणि अमेरिकी सीमाशुल्क खात्याकडे कसे भरायचे, याची यंत्रणाच जगातील बहुतेक टपाल खात्यांकडे तयार नव्हती. विमान कंपन्यांनी पार्सले नेण्यास असमर्थता दर्शवली. जागतिक टपाल संघटनेने सप्टेंबरमध्ये दिलेल्या माहितीनुसार ८८ टपाल खात्यांनी अमेरिकेची सेवा पूर्णतः वा अंशतः थांबवली होती आणि २९ ऑगस्टला अमेरिकेकडे जाणारे टपाल आदल्या आठवड्याच्या तुलनेत ८१ टक्क्यांनी घटले होते. अडचण पैशाइतकीच माहितीची होती, आणि माहितीचा हा प्रश्न त्याआधी अनेक वर्षांपासून आकार घेत होता.

त्याचे मूळ सुरक्षेत आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये येमेनहून अमेरिकेकडे निघालेल्या दोन पार्सलांत छपाईयंत्राच्या काडतुसांत दडवलेली स्फोटके सापडली. ती पार्सले टपालाची नव्हती, खासगी मालवाहतूक कंपन्यांची होती. तरीही त्यातून एक तत्त्व पुढे आले: विमान उतरल्यावर तपासणी करून उपयोग नाही, माल विमानात चढण्याआधीच त्यात काय आहे हे कळले पाहिजे. पुढे फेंटानिलसारखी घातक अमली द्रव्ये टपालाने येऊ लागल्यावर अमेरिकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये कायदा केला आणि परदेशी टपालातील मालाची अग्रिम इलेक्ट्रॉनिक माहिती २०२० अखेरपर्यंत सक्तीची केली. जागतिक टपाल संघटनेचा तशाच आशयाचा नियम १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. युरोपीय संघाने १५ मार्च २०२१ पासून विमानाने येणाऱ्या टपालासाठी अशी माहिती आधी मागण्यास सुरुवात केली. भाबडेपणाने या नियमांना विरोध करता येणार नाही. त्यामागील कारणे खरी आहेत.

प्रत्यक्षात होते ते असे. पार्सलावर चिकटवले जाणारे सीएन २२ किंवा सीएन २३ हे सीमाशुल्क घोषणापत्र पूर्वी कागदाचे असे आणि पार्सलाबरोबरच प्रवास करी. आता त्यातील मजकूर, म्हणजे पाठवणारा, घेणारा, प्रत्येक वस्तूचे वर्णन, संख्या, वजन, किंमत आणि पाठवण्याचे कारण, काउंटरवर संगणकात भरला जातो. तेरा अक्षर-अंकांच्या पार्सल क्रमांकाशी तो जोडला जातो आणि पार्सलाच्या आधी त्या देशात पोहोचतो. तिथली यंत्रणा तो वाचून हिरवा कंदील दाखवते, अधिक माहिती मागते किंवा विमानात चढवू नका असे कळवते. माहिती आलीच नाही, तर पार्सल अडते वा परत येते. थोडक्यात, कागद हा पूर्वी पार्सलाचा सोबती होता. आता पार्सल त्या कागदाच्या मागून जाते.

हा बदल किती मूलगामी आहे, हे समजून घेण्यासाठी टपाल खात्यातील एका मराठी अधिकाऱ्याची आठवण उपयोगी पडेल. संस्कृत कवी म्हणूनही परिचित असलेले श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड आला. एकाच नावाची अनेक गावे, अनेक भाषा आणि नाना लिप्या यांतून वाट काढणारी ती व्यवस्था होती. गिरगावचा ४००००४ आणि परळचा ४०००१२ हे अंक लोकांच्या तोंडी बसले. पण त्या व्यवस्थेत एक माणुसकी होती. पिनकोड लिहायला कोणी विसरला, तरी पत्र उशिराने का होईना, पोहोचत असे. चुकीचा भार यंत्रणा उचलत होती.

आताही सहाच अंक आहेत. मात्र ते ठिकाणाचे नाहीत, मालाचे आहेत. जागतिक सीमाशुल्क संघटनेची १९८८ पासून लागू असलेली ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’ जगातील प्रत्येक वस्तूला सहा अंकी क्रमांक देते. लालबागच्या मिरची गल्लीत डंकावर कुटून घेतलेली नुसती मिरची पूड ०९०४२२ मध्ये जाते, हळद ०९१०३० मध्ये आणि अनेक मसाले एकत्र करून बनवलेला मिश्र मसाला ०९१०९१ मध्ये. मसाल्याचे तरी सोपे. फराळाचे काय? नमकीन आणि मिठाई साधारणतः २१०६ या गटात मोडतात, तर पिठाचे काही कुरकुरीत पदार्थ १९०५ मध्ये. यंत्रातून दाबून काढलेले खारे पदार्थ आणि नमकीन यांच्या करांतील तफावत दूर करण्यासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये खुद्द जीएसटी परिषदेला निर्णय घ्यावा लागला होता. मग सोऱ्यातून पाडलेली चकली कोणत्या रकान्यात बसवायची, हे गिरगावातल्या आजींनी कसे ठरवावे?

भाषेचा प्रश्न वेगळाच. घोषणापत्र इंग्रजीत, फ्रेंचमध्ये किंवा पोहोचणाऱ्या देशाला मान्य असलेल्या भाषेत लिहावे लागते. वर्षानुवर्षे अशा डब्यांवर ‘गिफ्ट’ किंवा ‘फूड आयटम’ एवढे लिहून काम भागत असे. युरोपीय संघाला असे मोघम शब्द आता चालत नाहीत. करंजी म्हणजे काय, हे म्युनिचच्या संगणकाला समजेल अशा शब्दांत सांगावे लागते. काउंटरवर रांग लांब असेल, तर हे भाषांतर करायला कोणालाच सवड नसते.

नियमांतील बारकावेही सामान्यांना सहज उमगणारे नाहीत. घरी बनवून व्यक्तीने व्यक्तीला भेट म्हणून पाठवलेल्या खाद्यपदार्थांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पूर्वसूचनेच्या अटीतून सूट आहे. दादरच्या दुकानातून विकत घेतलेल्या पदार्थांना ती सूट तशीच लागू होत नाही. म्हणजे आईने तळलेली चकली आणि तिने वेळेअभावी विकत आणलेली चकली या कायद्याच्या नजरेत दोन निराळ्या वस्तू आहेत. भेटवस्तूंच्या करमाफीची मर्यादाही देशागणिक बदलते: ब्रिटनमध्ये ३९ पौंड, युरोपीय संघात ४५ युरो, अमेरिकेत १०० डॉलर. युरोपीय संघात दुधाचे पदार्थ वैयक्तिक पार्सलातून नेण्यास, काही मर्यादित अपवाद वगळता, मनाई आहे. पेढ्यांचा एक पुडा सगळा डबा अडकवू शकतो.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. लहान निर्यातदाराला पूर्वी टपालाने माल पाठवायचा, तर सीमाशुल्काच्या सोपस्कारांसाठी बॅलार्ड पिअरच्या विदेश डाक भवनासारखे मोजके विदेशी टपाल कार्यालय गाठावे लागे. डिसेंबर २०२२ च्या नियमांनी टपाल निर्यात बिल इलेक्ट्रॉनिक केले आणि २०२२ पासून उभ्या राहिलेल्या डाकघर निर्यात केंद्रांनी हे काम जवळच्या टपाल कचेरीत आणले. लालबागचा मसालेवाला किंवा परळमध्ये घरून साड्या विकणारी गृहिणी आता दुकानातूनच घोषणापत्र भरू शकते. याच माहितीमुळे हे शक्य झाले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेची सेवा सुरू झाली, तीही अशाच माहितीच्या बळावर: शुल्क येथेच, पार्सल नोंदवताना पाठवणाऱ्याकडून आगाऊ घ्यायचे आणि अधिकृत मध्यस्थामार्फत अमेरिकेत भरायचे. त्या वेळी भारतीय मालावरील हे शुल्क घोषित किमतीच्या ५० टक्के होते. शंभर डॉलरपर्यंतच्या खऱ्याखुऱ्या भेटवस्तूंना ते लागू नव्हते. दर राजकारणाबरोबर बदलतात. आगाऊ माहिती आणि आगाऊ वसुली ही पद्धत मात्र आता टिकणारी दिसते.

प्रश्न आहे तो जबाबदारीचा. घोषणापत्रावर सही पाठवणाऱ्याची असते आणि मजकूर खरा असल्याची हमीही त्याचीच. जून २०२४ पासून लागू झालेल्या नव्या टपाल कायद्याने, नियमांत नमूद केले असेल तेवढे वगळता, सेवेतील त्रुटींबद्दलचे दायित्व टपाल खात्यावर ठेवलेले नाही. पूर्वी सीमाशुल्क अधिकारी डबा उघडून वर्गवारी करी. आज त्या कामाचा पहिला आणि निर्णायक टप्पा पाठवणाऱ्याच्या गळ्यात पडला आहे. ज्याला तो झेपतो, तो खासगी कुरिअरकडे जाऊन जास्त पैसे मोजतो आणि वर्गवारीचा त्रास त्यांच्यावर सोपवतो. ज्याला ते दर परवडत नाहीत, त्याच्यासाठी टपाल हाच मार्ग होता. नेमका तोच आता त्याला परीक्षा द्यायला लावतो आहे.

१८७४ मध्ये बर्न येथे स्थापन झालेल्या आणि १८७६ मध्ये भारत ज्यात सामील झाला त्या जागतिक टपाल संघटनेचे मूळ तत्त्व असे होते की, टपालापुरते सारे जग हा एकच प्रदेश मानावा. सीमा पुन्हा उभ्या राहणारच असतील, तर त्या ओलांडायला सामान्यांना हात देणे हे टपाल खात्याचे कर्तव्य ठरते. त्यासाठी फार मोठा खर्चही लागणार नाही. फराळाचे नेहमीचे दहा-पंधरा जिन्नस, मसाले, पुस्तके, कपडे यांची मान्य इंग्रजी वर्णने आणि सहा अंकी क्रमांक दाखवणारा मराठी तक्ता प्रत्येक काउंटरवर लावता येईल. सणाच्या मोसमात गिरगाव, दादर, परळसारख्या कचेऱ्यांत घोषणापत्र भरून देणारा एक कर्मचारी बसवता येईल. कोणत्या देशात काय चालत नाही, हे डबा शिवण्याआधी सांगता येईल. माहिती त्या देशाकडे रवाना झाली की नाही, हे पावतीवर छापता येईल; आणि पाठवणाऱ्याचा दोष नसताना पार्सल परत आले, तर टपालखर्चाचा परतावा विनाअर्ज देता येईल. सेवा स्थगित झाली तेव्हा अडकलेल्या पार्सलांचा परतावा खात्याने देऊ केलाच होता. तोच न्याय एरवीही लावावा.

पिनकोड रुजला, कारण टपाल खात्याने तो लोकांना शिकवला आणि शिकेपर्यंत त्यांच्या चुका पोटात घातल्या. नव्या सहा अंकांच्या बाबतीत चुका पोटात घालणे परदेशी संगणकाच्या हाती आहे आणि तो तसे करणार नाही. शिकवणे मात्र अजूनही आपल्याच टपाल खात्याच्या हाती आहे. ते झाले नाही, तर पुढच्या दिवाळीत डबे जातील, पण ज्यांना कुरिअर परवडते त्यांचेच.