मास्तरचा पगार: कुणाला पुरेसा, कुणाला अपुरा?

सरकारी मास्तरला काय कमी, असे सिहोऱ्यात आपण सगळेच कधी ना कधी बोलतो. ज्यांची नोकरी पंधरा-वीस वर्षांची झाली, त्यांच्याबाबत ते खोटे नाही. त्यांचा पगार कमी आहे असे आम्हालाही वाटत नाही. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत आज नवीन लागणारी मुलगी त्या पगारावर लागत नाही. पहिली तीन वर्षे ती 'शिक्षण सेवक' असते, मानधन महिन्याला १६,००० रुपये. कायम झाली की त्याच वर्गासाठी मूळ वेतन २९,२००, महागाई भत्ता वेगळा. नुसत्या मूळ वेतनाचा हिशेब धरला तरी तीन वर्षांत पावणेपाच लाखांचा फरक पडतो.

हे १६,०००सुद्धा जानेवारी २०२३ पासूनचे. त्याआधी कितीतरी वर्षे प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला ६,००० मिळायचे, म्हणजे दिवसाला २०० रुपये. २०२२ साली राज्यात रोजगार हमीची मजुरी २५६ रुपये होती. डी.एड. करून, टीईटी पास होऊन मास्तर झालेल्याला मातीकामापेक्षा कमी! (मजुराला जास्त मिळत होते असे मात्र कुणी समजू नये, तेही कमीच होते.)

आता मदरशांचे बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेतल्या डी.एड. शिक्षकांचे मानधन ६,००० वरून १६,००० केले, बी.एड. वाल्यांचे ८,००० वरून १८,०००. लगेच लांगूलचालनाची ओरड झाली. विधानसभा निवडणूक तोंडावर होती हे खरेच, पण हे आकडे शिक्षण सेवकाचेच आहेत, तेही पावणेदोन वर्षे उशिरा आलेले. शिवाय शिक्षण सेवक तीन वर्षांनी कायम होतो, मदरशात गणित-विज्ञान शिकवणारा मानधनावरच राहतो. शेजारच्या मध्य प्रदेशातही वेगळे नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे अतिथी शिक्षकांचे मानधन दुप्पट झाले, तरी वर्ग तीनला मिळतात १०,०००.

सगळ्यात जास्त हाल अंशतः अनुदानित खासगी शाळांतल्या शिक्षकांचे. कुणाला पगाराचा २० टक्के हिस्सा, कुणाला ४०, कुणाला ६०. पुढच्या टप्प्यासाठी जुलै २०२५ मध्ये हे शिक्षक मुंबईत आझाद मैदानावर पावसात बसले होते.

आपल्या घरातल्या किती तरी मुली डी.एड., बी.एड. करून अशाच शाळांत जातात. म्हणून नेमणुकीच्या कागदावर सही करण्याआधी अम्मी-अब्बांनी स्पष्ट विचारून घ्यावे: शाळा किती टक्के अनुदानावर आहे, पद मंजूर आहे का, शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आली का? २०२५ मध्ये बनावट शालार्थ आयडींचे प्रकरण उघडकीस आले ते नागपूर विभागातच, आणि आपला भंडारा जिल्हा त्याच विभागात येतो. संस्थाचालक ओळखीचे असले तरी मान्यतेचा कागद डोळ्यांनी पाहावा, आणि झेरॉक्स घरी ठेवावी.